साडीवर शर्ट आणि हातात स्टेरिंग

ग्रामपंचायतीचा भोंगा आमच्याकडं बहुतेक पाण्याची वेळ सांगायला नाहीतर रेशन आल्याचं कळवायला वाजतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तो एका सकाळी वाजला, तेव्हा मी अंगणात हरभऱ्याचं बियाणं पाखडत होते. "गावातल्या महिलांसाठी पाच दिवसांचं ट्रॅक्टर आणि पेरणी यंत्राचं प्रशिक्षण. जागा शाळेचं मैदान. ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. समोरच्या पारावरची माणसं इतक्या मोठ्यानं हसली.

मी हसले नाही.

आमचं गाव जळकोटचा हायवे सोडून आत. घरात पंधरा वर्षांपासून ट्रॅक्टर आहे. चालवायचे आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आणि थोरले भावजी. माझी जागा मडगार्डावर. मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि एका हातानं लोखंडाला धरलेलं. तिथं बसून बसून मला सगळं पाठ झालं होतं. क्लच कधी दाबायचा, गिअरचा दांडा कुठं ढकलायचा, फण कधी उचलायचा. मालकांनी क्लच दाबला की माझाही डावा पाय आपोआप खाली जायचा. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हसले असते.

सूप खाली ठेवलं आणि चुलीपाशी गेले. तिथं माझ्या थोरल्या जाऊबाई भाकरी थापत होत्या. मी त्यांना आक्का म्हणते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात सगळे कानडी बोलणारे. एवढी वर्षं मराठी बोलूनही राग आला किंवा आनंद झाला की त्यांच्या तोंडून कानडीच येतं.

"आक्का, ऐकलं का?"

"ऐकलं की." त्यांनी भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दोन नावं दे. तुझं अन् माझं."

आता मामांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, विचारायचं होतं. त्यांनी जन्मभर बैलांच्या तिफणीनं पेरलं. त्यांनी पेरलेलं रान बघायला शेजारच्या गावची माणसं यायची, एवढी सरळ तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी. मी ओसरीवर जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं,

"तुला सायकल येती का?"

"न्हाय मामा."

"मग लई चांगलं. सायकल येणाऱ्याला वाटतं सगळंच येतं. जावा दोघीबी."

पहिल्या दिवशी शाळेच्या मैदानावर आम्ही चौदाजणी जमलो. मास्तर कोण येणार याची चर्चा चालली होती, तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर आत आला, मागं ट्रॉली. चालवत होती सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिनं मैदानात वळसा घेतला आणि मान मागं वळवून ट्रॉली दोन कडुलिंबांच्या मधे अशी नेऊन लावली की दोन्ही बाजूला फक्त हातभर जागा उरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर शिट्टी मारावीशी वाटली.

ती परंड्याकडची, शेतकऱ्याच्याच घरातली. आम्ही तिला मॅडम म्हणालो तर म्हणाली, "मॅडम नको, ताई म्हणा. मी तुमच्यापेक्षा लहानच आहे." मग आम्ही तिला ताई आणि ती आम्हाला ताई, असं पाच दिवस चाललं.

पहिला अख्खा दिवस तिनं आम्हाला सीटवर बसूच दिलं नाही. बॉनेट उघडायला लावलं. तेल तपासायची पट्टी ओढा, पुसा, परत घाला, परत ओढा. पाणी बघा. फिल्टरला हात लावून बघा. संध्याकाळपर्यंत चौदाजणींचे अठ्ठावीस हात काळे झाले होते. जाताना ती म्हणाली, "उद्या पदर चाकात जाता कामा नये. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्यात ठरवायचं काय? खुरपायला जाताना आम्ही साडीवर घरातल्या माणसाचा जुना शर्ट घालतोच. दुसऱ्या दिवशी चौदाजणी चौदा शर्टांत हजर. पण गंमत अशी की जुना शर्ट एकीनंही आणला नव्हता. कुणी लग्नातला पांढरा, कुणी इस्त्रीचा चौकडीचा. मी मालकांचा निळा घातला होता, बाजाराला जातानाचा. त्यांनी सकाळी शोधला असेल, मग दुसरा घालून गेले.

त्या दिवशी पहिल्यांदा सीटवर बसले. मडगार्डावरून जग वेगळं दिसतं आणि सीटवरून वेगळं. चावी फिरवली, इंजिन धडधडलं, ती धडधड मांड्यांतून दातांपर्यंत आली. क्लच सोडला. ट्रॅक्टरनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडला. परत चालू केला, परत उडी. चौथ्या वेळी हळूहळू पुढं सरकला आणि मी ओरडले, "चाललाय! ताई, चाललाय की!"

"तुम्हीच चालवताय," ताई खालून म्हणाली.

मग आक्का बसल्या. त्यांनी पहिल्याच झटक्यात क्लच असा सोडला की एकही हिसका नाही. सगळ्याजणी बघायला लागलो. ट्रॅक्टर सरळ निघाला, मैदान संपत आलं, समोर शाळेची भिंत. ताई ओरडली, "ब्रेक!" आक्कांनी दोन्ही हातांनी स्टेरिंग मागं ओढलं, बैलांचा कासरा ओढावा तसं, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "निल्लु! निल्लु!" निल्लु म्हणजे कानडीत थांब. ट्रॅक्टरला कानडी कुठलं येतंय? ताईनं पळत जाऊन, पायरीवर चढून ब्रेक दाबला. भिंत वीतभर राहिली होती. आक्का खाली उतरल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसल्या म्हणून आम्हा सगळ्यांची भीती गेली.

तिसऱ्या दिवशी फजिती व्हायची वेळ माझ्यावर आली. दुपारपर्यंत मी मैदानाला चार फेऱ्या मारल्या होत्या आणि मला वाटायला लागलं होतं की आपल्याला जमलं. ट्रॉली जोडून मागं घ्यायची होती. ट्रॉली मागं घेताना स्टेरिंग उलटं फिरवायचं असतं, हे ताईनं दहा वेळा सांगितलं होतं. शाळेच्या कट्ट्यावर गावातली सात-आठ माणसं बघायला बसली होती. मी त्यांच्याकडं बघितलं, जरा ऐटीत, आणि स्टेरिंग सुलटं फिरवलं. ट्रॉली वळली आणि धाडकन फाटकाच्या खांबावर गेली. अर्धा खांब खाली.

कट्ट्यावर हशा पिकला. "आता शाळा पाडा!" कुणीतरी म्हणालं.

मी उतरले, सरळ घरी आले आणि निळा शर्ट काढून खुंटीला टाकला. बाहेर येऊन भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी परत घासत होते. तासाभरानं आक्का आल्या, माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

"पहिली भाकरी कधी थापलीस?"

"असेन आठ-नऊ वर्षांची."

"गोल झालती?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग सोडलीस का?" त्या उठल्या. "उद्या सात वाजता. खांब बांधायचाय."

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी गेले तर सगळ्याजणी आधीच तिथं होत्या. कुणी विटा गोळा केल्या होत्या, कुणी घरातलं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट आणलं होतं. हेडमास्तर आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "नाहीतरी तो खांब तिरकाच होता." प्रशिक्षण सुरू व्हायच्या आत खांब उभा होता. मग ताईनं सगळ्यांच्या आधी मला सीटवर बसवलं. ट्रॉली परत जोडली. त्या दिवशी मी ती तीन वेळा मागं घेतली, आणि तिसऱ्या वेळी दोन लिंबांच्या मधे.

दुपारी पेरणी यंत्र आलं. वर बियाण्याची पेटी, खाली नळ्या, नळीतून बी फणामागं तासात पडतं. ताईनं तक्ता बघून यंत्र लावलं आणि चाक हातानं फिरवून दाखवलं. बी टपटप पडायला लागलं. आक्का पुढं झाल्या. एका नळीखाली हात धरला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"हितं दाट पडतंय," त्या म्हणाल्या.

"तक्त्याप्रमाणं बरोबर आहे, ताई."

"आसंल. पण हितं दाट पडतंय."

आक्कांनी पंचवीस वर्षं तिफणीमागं चालत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरली होती. किती बी सोडायचं ते त्यांच्या बोटांना ठाऊक. ताईनं वाद घातला नाही. प्रत्येक नळीला एकेक पिशवी बांधली, चाक मोजून वीस वेळा फिरवलं आणि पिशव्यांतलं बी वेगवेगळं मोजलं. तिसऱ्या नळीत खरंच दीडपट बी निघालं. आतली एक चकती उलटी बसली होती. ताईनं ती नीट बसवली आणि आक्कांचा हात हातात घेऊन म्हणाली, "हे मला शिकवा." पुढचा अर्धा तास आक्का शिकवत होत्या आणि ताई वहीत लिहून घेत होती. आक्कांचा चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिले.

पाचव्या दिवशी खऱ्या रानात पेरायचं होतं. एका शेतकऱ्यानं आपलं रान द्यायचं कबूल केलं होतं. सकाळी निरोप आला, "बायकांच्या हातनं पेरणी बिघडली तर माझा हंगाम जायचा. मला जमत न्हाय." आमची तोंडं उतरली. जमिनीला वापसा होता, पेरायला अगदी योग्य ओल, पण रानच नव्हतं. आम्ही मैदानावर उभ्या होतो, तेवढ्यात काठी टेकत मामा आले. तो निरोप त्यांच्या कानावर गेला होता.

"सडकेकडचं आमचं एकर मोकळं हाय," ते ताईला म्हणाले. "बियाणंबी घरचंच हाय. चला."

"मामा, तासं वाकडी झाली तर?" मी विचारलं. ते रान सडकेला लागून. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ते बघतो.

"मग पुढच्या साली सरळ करशील."

आम्ही निघालो. पुढं ट्रॅक्टर, त्यावर मी आणि आक्का, मागं बाकीच्या बारा बायका शर्ट घातलेल्या, त्यांच्यामागं पारावरची माणसं, त्यांच्यामागं अर्धी शाळा. पहिलं तास मी घालायचं ठरलं, आक्का यंत्रामागं नळ्या बघत चालणार. मी धुऱ्यापाशी, रानाच्या बांधाला, ट्रॅक्टर लावला. समोर काळं रान, कुठं बघावं कळेना. मामा मात्र चालत पार पलीकडच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी काठी डोक्यावर उभी धरली.

"चाकाकडं बघू नको," ते तिकडून ओरडले. "माझ्याकडं बघ!"

मी फण खाली सोडले, क्लच सोडला आणि त्या काठीकडं बघत निघाले. मागून आक्कांचा आवाज येत होता, "पडतंय! पडतंय गं! चाल!" काठी मोठी होत गेली, मग मामांचा फेटा दिसला, मग त्यांचे डोळे. मधेच सडकेवर एसटी थांबली. ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न वाजवला, खिडक्यांतून हात बाहेर आले. मी एकदाच तिकडं बघितलं आणि घाईनं परत काठीकडं. धुऱ्यापाशी पोचले, फण उचलले, ट्रॅक्टर बंद केला. मला हसू आवरत नव्हतं.

मामा तासावरून चालत गेले. मधेच वाकून बोटानं माती उकरून बघितली, परत झाकली. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं.

"दोरीगत न्हाय," ते म्हणाले. "पण सापागतबी न्हाय. पुढचं घाल."

त्या दिवशी चौदाजणींनी मिळून ते एकर पेरलं. पेरल्यापासून आठव्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्याजणी न ठरवता रानात पोचलो. कोंब वर आले होते. तांबूस हिरवे, ओळीत. एकीनं खाली बसून मोजायलाच सुरुवात केली, दुसरी "हे माझं तास, हे माझं" म्हणून उड्या मारत होती. माझ्या तासात मधे एका ठिकाणी चार हात जागा मोकळी होती. आक्का म्हणाल्या, "हितं एसटी थांबलती बघ. मीबी नळ्या सोडून तिकडंच बघितलं." मी तिथं बोटांनी बी टोबून नांगी, म्हणजे मोकळी राहिलेली जागा, भरली.

त्या वर्षी हरभरा चांगला झाला. पुढच्या खरिपाला सोयाबीन आम्ही दोघींनी पेरलं, मालक आणि भावजी धुऱ्यावर बसून चहा पीत होते. ज्यानं रान द्यायला नकार दिला होता तो शेतकरी ताईचा नंबर मागायला आमच्या घरी आला. त्याच्या सुनेला शिकायचं होतं. मामांनी त्याला चहा दिला, टोमणा मारला नाही.

मग परवाना काढायचं ठरलं. चौदाजणींतल्या आम्ही चौघी एसटीनं धाराशिवला गेलो. आक्का चौथी शिकलेल्या, तेही कानडीत. रस्त्यावरची चिन्हं त्यांनी महिनाभर माझ्या मोबाईलमधले फोटो बघून पाठ केली होती. परीक्षेच्या खोलीतून त्या सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. आम्ही दाराशीच उभ्या होतो. त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि आम्ही त्या ऑफिसच्या अंगणात एकमेकींना अशा मिठ्या मारल्या की गाड्यांचे कागद घेऊन उभी असलेली माणसं बाजूला सरकली.

परतीच्या एसटीत आक्कांनी खिडकीची जागा पकडली आणि माहेरी बहिणीला फोन लावला. मला कानडी अजून नीट कळत नाही. पण त्या एवढ्या मोठ्यानं, एवढ्या भरभर बोलत होत्या की अर्धी बस मागं वळून बघत होती. मधूनच ट्रॅक्टर, मधूनच परीक्षा, मधूनच माझं नाव. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि फोन संपायची वाट बघत उभा राहिला.