सहादूंचे तीन खाडे

अंबडच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात तारेचे वेढे घालायचं वायंडिंगचं काम करताना सहादू भालेरावांनी एकतीस वर्षांत एकही खाडा केला नव्हता. निवृत्तीनंतर हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन काढलं आणि तिथं मात्र लागोपाठ तीन खाडे पडले. दर रविवारी सकाळी नागपूरचे देशकर रेडिओवर सगळ्यांची हजेरी घेत. सहादू वेळेआधी बसून "हजर" म्हणत, पण तो क्षीण आवाज नागपूरला पोहोचतच नसे.

आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर घरात होता, पण तो वीस मीटर लांबीच्या रेडिओलहरींच्या बँडचा. हजेरी चाळीस मीटरवर. म्हणून शनिवारी त्यांनी त्याचे कपॅसिटर बदलले आणि जास्त वेढ्यांची नवी कॉइल गुंडाळायला घेतली. तेवढ्यात दारात भाजीवाला ओरडला आणि मोजणी चुकली. अंदाजावर काम करायचं नाही, म्हणून त्यांनी सगळी तार उलगडली.

"सोळा झाले होते," लसूण सोलता सोलता लताबाई म्हणाल्या. "मी मोजत होते."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तुमची मोजणी चालू असताना बोललेलं चालतं का तुम्हाला? लग्न झाल्यापासून गप्प बसतेय."

सहादू हसले. "आता मोठ्यानं मोज."

त्या मोजत गेल्या, ते वेढे घालत गेले. एक वेढा तिरपा बसला, तेव्हा दोघंही एक आकडा मागं आले.

रविवारी नाव पुकारलं गेलं. "हजर," सहादू म्हणाले.

"अहो, आज अगदी शेजारी बसल्यासारखे ऐकू येताय," देशकर म्हणाले. "केलंत काय?"

"कॉइल बदलली. वेढे मी घातले, मोजले आमच्या मंडळींनी."

स्वयंपाकघरातून लताबाई म्हणाल्या, "मग माझीही हजेरी लावायला सांगा."