तीनशे बारा कोपरे

"अर्धवट आहे. परत ने."

एवढं बोलून रकानेबाई फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवायच्या. शाळेच्या ऑफिसला ती एकच खिडकी, तीही मांजर जेमतेम शिरेल एवढी. बाहेर पोरं, आत बाई. नाव त्यांनाही होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बत्तीस वर्षं कारकुनी केली आणि बत्तीस वर्षं एकच घोषा लावला, "रकाना रिकामा ठेवायचा नाही." मग पोरं दुसरं काय म्हणणार? दाखल्याचा अर्ज असो की बसच्या पासाचा, कोरी जागा दिसली की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची.

त्यालाही कारण होतं. नोकरीला लागल्या त्या दिवशी त्यांचाच अर्ज तेव्हाच्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने तीनदा परत केला होता. 'छंद' हा रकाना कोरा होता. चार धाकटी भावंडं सांभाळून कशीबशी दहावी झालेल्या पोरीला कसला आलाय छंद? तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "नाही ना काही? मग 'नाही' लिही. 'नाही' हेसुद्धा उत्तर असतं. कोरं ठेवलंस तर उद्या तिथे कोणीही काहीही भरेल." ते बाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं, आणि पुढे हजारो पोरांच्या पदरात घातलं. पोरांना ते नको होतं, ही गोष्ट वेगळी.

तर अशा बाई, आणि त्यांच्या नशिबी आले नवे हेडसर.

हेडसर माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रेरणेचं वेड लागलं होतं. वर्गावर्गांत प्रेरणेचे तक्ते लागले. तक्त्यांवर चिकटवायला चांदण्या आल्या. रोज सकाळी भोंग्यावरून पाच मिनिटं प्रेरणा, ती कधी पंधराच्या खाली संपली नाही. मग निघाली 'प्रेरणा नोंदवही', आणि तिचा दर महिन्याला गोषवारा. गोषवारा कोणी करायचा? बाईंनी.

"पोरांना प्रेरणा मिळते की नाही ते देव जाणे," त्या नवऱ्याला सांगायच्या, "मला मात्र मानदुखी मिळाली."

"हूं," नवरा म्हणायचा. त्याचं शिंप्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोरच. पोरांचे गणवेश तोच शिवायचा. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे सगळा संसार 'हूं'वर झालेला. बाईंना त्याचं काही वाटत नसे. घरात बोलायला एक माणूस पुरतं, असं त्यांचं मत होतं.

या प्रेरणेच्या धामधुमीत एक दिवस विद्यापीठातली मुलगी आली. बारीक अंगाची, खांद्याला ही एवढी पिशवी, बोलायला मऊ. ती संशोधन करत होती. आशियातल्या नऊ देशांत शाळा कशा चालवतात आणि पोरांना शिकावंसं कशामुळे वाटतं, असा काहीतरी तिचा विषय. प्रत्येक मुलानं चार पानांची प्रश्नावली भरायची. चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, पटेल त्याला गोल करायचा. शेवटी एक प्रश्न मोकळा, त्याखाली तीन ओळी.

हेडसरांनी त्यातला 'आशिया' तेवढा ऐकला.

"आशियात आपली शाळा पहिली आली पाहिजे!"

"सर, ही स्पर्धा नाहीये हो," मुलगी म्हणाली.

"ते तुम्ही म्हणता."

मुलीला एक तास दिला होता. त्यातली चाळीस मिनिटं हेडसर स्वतःच बोलले. उरलेल्या वेळात तिनं घाईघाईनं सांगितलं, "मुलांनो, नाव लिहायचं नाही. कोणी काय लिहिलं ते तुमच्या शिक्षकांना नाही, हेडसरांना नाही, मलासुद्धा कळणार नाही. मी शब्द देते. त्यामुळे खरं लिहा." तेवढ्यात घंटा झाली. प्रश्नावल्या पोरांच्या दप्तरांत गेल्या, आणि भरून झाल्या की ऑफिसच्या खिडकीत द्यायच्या असं ठरलं.

"मावशी, तुम्हाला त्रास होईल," मुलगी म्हणाली.

"त्रासाचं काय, त्याचीही एक नोंदवही निघेल. ठेव तू."

पुढचे तीन दिवस बाईंचं डोकं फिरायची वेळ आली. एकानं चाळीसच्या चाळीस प्रश्नांना तिनावर गोल केले होते. "अरे, वाचलंस तरी का?" "वाचलं ना बाई. मला सगळं मध्यमच वाटतं." एकीनं आकड्यांची फुलं करून ठेवली होती. एकाच्या प्रश्नावलीवर भावानं दूध सांडलं, त्यानं ती इस्त्री करून आणली. आणि शेवटच्या तीन ओळी? निम्म्या पोरांच्या कोऱ्या. बाई एकेकाला परत धाडत होत्या. पोरं कुरकुरत जिन्यावर बसून लिहीत होती आणि पुन्हा रांगेत उभी राहत होती. मधली सुट्टी गेली, बाईंचा चहा गेला, आवाजही गेला.

नववीतली एक चणीनं लहानशी मुलगी तीनदा परत आली. शेवटचा प्रश्न होता, 'तुला अभ्यास करावासा कशामुळे वाटतो?' त्याखाली काहीच नाही.

"अगं, काहीतरी असेल ना?"

"नाही."

"मग 'नाही' लिही. 'नाही' हेसुद्धा उत्तर असतं. पण कोरं नाही चालायचं."

मुलीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "कोणी लिहिलंय ते खरंच कळणार नाही?"

"नाही गं बाई, लिही एकदाची. माझा चहा गार होतोय."

ती जिन्यावर जाऊन बसली. या वेळी बराच वेळ लिहीत होती. आणून दिलं तेव्हा तिन्ही ओळी भरून खाली समासातही मजकूर गेला होता. बाई खूश झाल्या. वाचायला वेळ कुठला? रकाना भरलाय एवढं पाहिलं, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं पहिल्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिची इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक घातला, त्यावर शाळेचा गोल शिक्का हाणला, आणि क्रमांकानं लावून ठेवलं.

जसं आधीच्या प्रत्येक प्रश्नावलीवर केलं होतं तसंच. तीनशे बारा.

त्यात आपण काही चुकतोय असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. क्रमांकाशिवायचा कागद म्हणजे त्यांच्या लेखी बेवारस. नाव लिहायचं नाही म्हणाली होती ना ती विद्यापीठातली मुलगी, मग नाव कुठे लिहिलं होतं?

गुरुवारी मधल्या सुट्टीच्या तोंडावर हेडसर ऑफिसात डोकावले. विद्यापीठातली मुलगी चार वाजता गठ्ठा न्यायला येणार होती. हेडसरांनी वरची प्रश्नावली सहज उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा! क्रमांकसुद्धा घातलेत! बाई, तुमच्या कामाला तोड नाही."

बत्तीस वर्षांत एका हेडमास्तरानं केलेलं हे पहिलं कौतुक. बाईंना दोन क्षण बरं वाटलं. दोनच.

"म्हणजे कुठलं पोरगं काय लिहितं ते कळेल. शाळेबद्दल वाकडं लिहिणारे निवडून काढू. त्यांच्या आईबापांना बोलावून घेऊ. तेवढ्या प्रश्नावल्या बाजूला ठेवल्या की आशियात आपण वर! सुट्टी संपली की गठ्ठा माझ्या टेबलावर पाठवा."

ते गेले आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुलीला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"मावशी, तुम्ही नंबर घातलेत?"

"सवयीनं गं."

"मी शब्द दिला होता त्यांना." मुलगी म्हणाली. "माझं संशोधन गेलं तर जाऊ दे. पण त्या पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून लिहिलंय. मी बसमध्ये आहे, चारच्या आत नाही पोचणार."

बाईंनी फोन ठेवला आणि गठ्ठ्यातून नववीतल्या त्या मुलीची प्रश्नावली काढली. क्रमांकानं लावलेली, लगेच हाताला लागली. तेच तर भय होतं. त्यांनी चष्मा चढवला.

'वाटत नाही,' मुलीनं लिहिलं होतं. 'हेडसर वर्गात फोटो काढायला येतात तेव्हा आम्ही हसतो. फोटो झाला की ते जातात. गणिताला सहा महिने शिक्षक नाहीत. वेळापत्रकात स्वाध्याय लिहिलंय. आम्ही नुसते बसतो. मला गणित आवडायचं. ते कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.'

बाई खुर्चीत बसल्या. वेळापत्रक त्यांनीच टाइप केलं होतं. गणिताचा रकाना रिकामा होता, हेडसर म्हणाले 'स्वाध्याय' घाला, त्यांनी घातलं. कोरं ठेवायचं नाही ना! कोऱ्या जागी कोणीही काहीही भरेल, असं पोरांना बजावणाऱ्या बाईंनी कोऱ्या जागी स्वतःच काहीही भरून ठेवलं होतं. वर या पोरीला जिन्यावर बसवून खरं लिहायला लावलं, आणि त्याच्या डोक्यावर तिचा पत्ता.

सुट्टीची पस्तीस मिनिटं उरली होती. बाईंनी गठ्ठा पोटाशी धरला, रस्ता ओलांडला आणि शिंप्याच्या दुकानात कापायच्या फळीवर दाणकन ठेवला.

"अहो, मोठी कात्री काढा. हे कोपरे कापायचेत. सगळे."

"हूं?"

"विचारू नका. नाही, विचारा. टाचण्या काढा आधी तोंडातल्या."

नवऱ्यानं टाचण्या उशीला टोचल्या, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं ते शिक्के मारणं एक दिवस अंगाशी येणार, हे मला माहीत होतं."

"मग बत्तीस वर्षांत बोलला नाहीत ते?"

"टाचण्या होत्या."

बाईंनी कपाळावर हात मारला. पण नवरा तोवर कामाला लागला होता. त्यानं खडूनं रेघ मारली, सहा-सहा प्रश्नावल्या एकावर एक धरल्या, आणि कापड कापावं तसे कोपरे उतरवू लागला. पिना डाव्या बाजूला होत्या, क्रमांक उजवीकडे. अर्धगोल शिक्के आणि क्रमांक चिंध्यांच्या डब्यात पडत होते.

"घे. झाले."

"नाही झाले." बाईंचा चेहरा आता खरा पडला. "क्रमांकानं लावलेत हो. सत्ताविसावी प्रश्नावली सत्ताविसाव्या मुलीचीच. मोजली की झालं."

"मग मिसळ."

ते शब्द कानांवर पडले आणि बाईंनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. कोपरे कापणं एक वेळ ठीक. पण लावलेला गठ्ठा विस्कटायचा? आयुष्यात त्यांनी एक पान इकडचं तिकडे जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या कपाटात वीस वर्षांपूर्वीचा अर्ज डोळे मिटून सापडायचा. त्यांनी वरच्या दोन प्रश्नावल्या उचलून हलकेच मधे सरकवल्या.

"असं नाही," नवरा म्हणाला. "असं किती दिवस करशील?"

शाळेची पहिली घंटा झाली. बाईंनी डोळे मिटले, गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि दुकानभर उधळून दिला. नववी, आठवी, सगळ्या तुकड्या, शिलाई मशीनखाली, गणवेशांच्या ढिगावर, नवऱ्याच्या डोक्यावर. मग दोघांनी गुडघ्यांवर बसून हाताला येईल तशा गोळा केल्या. तीनशे बारा भरल्या. एकही कमी नाही. तेवढं मोजल्याशिवाय बाई उठल्या नाहीत.

हेडसरांनी गठ्ठा पाहिला. "हे कोपरे कुठे गेले?"

"कापले, सर."

"का?"

"क्रमांक घालणं माझी चूक होती. दुरुस्त केली. मुलांना शब्द दिला होता."

"मी सांगितलेलं असताना? आता कोणी काय लिहिलंय ते कसं कळणार?"

"नाही कळणार. आणि मोजून तीनशे बारा आहेत, सर."

हेडसरांनी चार-पाच प्रश्नावल्या उलटसुलट केल्या. अक्षर ओळखतील ही भीती बाईंना नव्हती. हेडसरांनी पोरांची वही हातात घेऊन अकरा वर्षं झाली होती. फोटोंबद्दलची ती ओळ त्यांना सापडली, त्यांनी ती दोनदा वाचली, लाल झाले, आणि कागद खाली ठेवून म्हणाले, "तुम्हाला याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. तुमच्या कागदपत्रात लागेल तो."

"फॉर्म मीच छापते, सर. आजच देते."

चारनंतर मुलगी धापा टाकत आली. कोपरे उडालेला गठ्ठा पाहून तिला हसावं की रडावं कळेना. तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "आकडे सगळे आहेत मावशी, मला तेवढंच हवं होतं."

"मला नको सांगू. जा, बस चुकेल तुझी."

बाईंनी खुलासा लिहिला. 'चूक कोणाची' या रकान्यात 'माझी'. 'चुकीचे स्वरूप' पूर्ण. 'पुन्हा असे होईल का' यावर जरा थबकल्या, मग लिहिलं, 'क्रमांकाची चूक होणार नाही. कोपऱ्यांचे सांगता येत नाही.' निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांच्या कोऱ्या करकरीत कागदपत्रात पहिला डाग लागला. तो त्यांनीच तारखेनिशी, नीट भोक पाडून फाइलला लावला.

सोमवारी नव्या महिन्याचं वेळापत्रक लावायचं होतं. एक प्रत फलकावर, एक शिक्षण कार्यालयाला. बाई टाइप करत गणिताच्या रकान्याशी आल्या. बोटं सवयीनं 'स्वा'पर्यंत गेली. त्यांनी ते खोडलं आणि सगळ्या तुकड्यांच्या सगळ्या दिवसांत एकेक करून लिहिलं, 'शिक्षक नाहीत'. शिक्का मारला. कार्यालयाची प्रत सकाळच्याच टपालात गेली.

साडेअकराला फलकापाशी आरडाओरडा ऐकू आला. "बाई! हे काय छापलंय? बाई!" आवाज व्हरांड्यातून ऑफिसच्या दिशेनं येत होता.

खिडकीत नववीतली ती मुलगी बसच्या पासाचा अर्ज घेऊन उभी होती. बाईंनी अर्जावरून नजर फिरवली. रक्तगट कोरा.

"माहीत नाही," मुलगी म्हणाली.

"मग 'माहीत नाही' लिही. किती वेळा सांगायचं गं तुम्हाला? अर्धवट आहे. परत ने." आणि जरा वाकून त्या हळूच म्हणाल्या, "इथे नको बसू. वरच्या जिन्यावर जाऊन लिही. आता इथे गोंधळ होणार आहे."