लॅकरखालचा अंगठा

पॉलिशवाले काका पितळेला माणसांपेक्षा जास्त जपतात, असं त्यांची बायको म्हणायची, आणि काकांना ती स्तुती वाटायची. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचा त्यांचा कारखाना. एका खोलीत जुन्या पितळी वाद्यांचं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, उतरवायचं, पोचे काढायचे, बफच्या फिरत्या चाकावर घासून पितळ तोंड बघण्याजोगं करायचं. दुसऱ्या, धूळ न येणाऱ्या बंद खोलीत नव्या लॅकरचा फवारा आणि तो पक्का करायची भट्टी. पहिल्या खोलीत बायको अकरा वर्षं घासत होती. स्प्रे गन मात्र तिच्या हाती कधी आली नाही. मागितली की काका एकच कारण सांगत: घासलेल्या पितळेला उघडं बोट लागलं, की ठसा लॅकरखाली कायमचा राहतो; आणि तिचा हात स्वयंपाकाचा, म्हणजे तेलाचा. काका स्वतः दिवसभर तळलेले शेंगदाणे खात, पण ते तेल बहुधा वेगळ्या कुळातलं असावं.

त्या मंगळवारी एका म्हाताऱ्या वादकाचं ट्रम्पेट भट्टीतून बाहेर आलं, ते भोंग्यावर ऐन दर्शनी बाजूला तपकिरी अंगठा घेऊनच. काकांनी कपाळाला हात लावला. मग बायकोकडे बघितलं. हातमोज्यांचं महत्त्व, गिऱ्हाईक शुक्रवारी येणार ही वस्तुस्थिती आणि घराण्याची अब्रू, सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. या घराण्यात हा धंदा त्यांनीच सुरू केला होता, हे तिने काढलं नाही. तिने चष्मा लावला, ट्रम्पेट खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं.

"अहो, अंगठा दाखवा जरा."

"माझा कशाला?"

"दाखवा तर."

काकांच्या उजव्या अंगठ्यावर मधोमध आडवा व्रण होता. बफने कधीकाळी घेतलेला चावा. ठशातूनही तशीच आडवी रेघ गेली होती, नको इतकी स्पष्ट. काकांनी आधी उजेडावर, मग भट्टीवर संशय घेऊन पाहिला.

"लागला असेल चुकून," शेवटी ते म्हणाले.

"लागतो," ती म्हणाली. "तेलाचा हात असला की."

लॅकर पुन्हा उतरवलं, तिनेच पुन्हा घासलं. गुरुवारी तिने हातमोजे चढवले, न विचारता स्प्रे गन उचलली आणि मागोमाग येणाऱ्या काकांच्या हातात शेंगदाण्यांची पुडी देऊन फवाऱ्याच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

शुक्रवारी वादकाने ट्रम्पेट फिरवून फिरवून पाहिलं. असं काम काकांच्याच हातचं, म्हणाला. काका खोकले.

"हिच्या हातचं आहे," ते म्हणाले, आणि झळाळी दाखवायला त्यांनी बोट पुढे नेलं. बायकोने नुसतं बघितलं. बोट निमूटपणे खिशात गेलं.