भावाचं आधीचं लग्न

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं आणि त्याच दिवशी आम्हाला कळलं, की ते तीन वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

हे वाक्य मी तिखटमीठ लावून लिहिलेलं नाही. मला तशी खोड आहे, आमच्या बसवनगुडीच्या गल्लीत मी शेजारच्या मांजराचा वाघ करते असं लोक म्हणतात. पण या गोष्टीत मला काही वाढवायला जागाच ठेवली गेली नाही. उलट थोडं कमी करूनच सांगते, नाहीतर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

आधी भाऊ. आम्ही दोघं पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या एकाच कारखान्यात. तिथे पाण्याचे पंप बनतात. तो तयार पंपांची चाचणी घेतो, मी संगणकाच्या पडद्यावर कुठे काय दिसावं ते ठरवते. म्हणजे कामगाराचं नाव वर, फोन खाली, अशी मांडणी. स्वभावाने मुलगा इतका गरीब, की रिक्षावाल्याने जादा पैसे मागितले तर हाच 'सॉरी अण्णा' म्हणतो. अंगात एकच गोष्ट वावगी, ती म्हणजे पाय. आमच्याकडच्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेत त्याने देवळाबाहेर काढलेल्या चपलेत एक मांजर पिलांसह झोपलेलं आम्हाला सापडलं होतं, आणि तरीही तिच्यात जागा शिल्लक होती. त्याची चप्पल चोरीला जात नाही. ती न्यायला दोन चोर लागतील आणि वाटणीवरून भांडतील.

तर त्या रविवारी के. आर. पुरमहून मुलीकडचे आले होते. मुलगी शाळेत शिकवते. तिचे वडील मूळचे बेळगावकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो होतो, म्हणजे गाडी रुळावर होती. आईने चौचौ भात केला होता, एका बाजूला खारा, एका बाजूला केसरी. काकांनी केसरी दोनदा घेतला. मुहूर्त कधीचा काढायचा इथवर बोलणं आलं होतं. काकांना यंत्रांची आवड, म्हणून भावाने आपला मोबाइल त्यांच्या हाती दिला आणि पंपांचे फोटो दाखवायला घेतले.

"हा साडेसात अश्वशक्तीचा," भाऊ म्हणाला.

"झकास की!" काका म्हणाले आणि त्यांनी फोटो सरकवायला बोट उचललं. बोट तिथेच हवेत राहिलं.

पडद्यावर वरून एक निरोप उतरला होता. काकांनी तो आधी मनात वाचला, मग चष्मा वर करून वाचला आणि शेवटी मोठ्याने वाचला. इंग्रजीत होता, मराठी त्यांनीच केलं. "प्रिय सहकारी, लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या तुम्हाला आणि तुमच्या जोडीदाराला कंपनीतर्फे शुभेच्छा."



काका काही बोलायच्या आत आईने भावाला विचारलं, "कोण आहे ती?"

सख्ख्या आईने! भावाच्या घशात खारा भात अडकला होता. तो फक्त मान हलवत होता, आणि ती मान हो म्हणतेय की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एवढ्यात मोबाइल मधमाशीच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला. कंपनीने तोच निरोप कारखान्याच्या ग्रुपवरही टाकला होता. 'तिसरा? छुपा रुस्तम!' 'अण्णा, जेवण बाकी आहे.' केकचे फोटो, फुलांचे फोटो, नाचणाऱ्या बाहुल्या. काका एकेक वाचत होते आणि दरवेळी फोन स्वतःपासून थोडा लांब धरत होते.

"काका, स्वल्प थांबा," मी म्हटलं. "काहीतरी घोळ झालाय. मी तिथेच काम करते, मी दाखवते तुम्हाला."

"तुम्ही बहीण. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या व्हय?" काका उठले. चौचौ भाताची बशी त्यांनी खाली ठेवली ती इतक्या हळू, की आदळली असती तर बरं वाटलं असतं.

मुलगी मात्र बसून राहिली होती. ती भावाकडे नीट बघून म्हणाली, "बाबा, आपण कंपनीत जाऊनच बघूया की. माहिती जिथे भरलीय तिथेच."

काका दारातून म्हणाले, "उद्या. सकाळी. मी स्वतः बघणार. तिथं लग्न निघालं तर हा विषय संपला."

आता आमच्या सरांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा धक्का तुम्हाला पुरता बसणार नाही.

सर म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. कानडी माणूस, त्यांचं बोलणं मी इथे मराठीत उतरवते आहे, मुळात ते याच्या तिप्पट आवाजात होतं असं समजा. कामगारांची माहिती ठेवायची व्यवस्था कंपनीने कधीकाळी तयार विकत घेतली. तिच्यात माहितीचे रकाने, ज्यांना आम्ही फील्ड म्हणतो, भरमसाट होते. आवडता छंद, फॅक्स क्रमांक, काय वाटेल ते. सरांना नवीन फील्ड बनवायचं नाव काढलेलं खपत नाही. "नवीन फील्ड म्हणजे घरात नवीन सून," ते म्हणतात, "तिला जागा द्या, सगळ्यांशी ओळख करून द्या, मग भांडणं मिटवा. रिकामं पडलंय ते वापर!" मग पडद्यावरचं नाव बदलायचं आणि जुन्याच रकान्यात नवी माहिती कोंबायची. रक्तगट कुठे ठेवायचा? छंदात. त्यामुळे एका जुन्या अहवालात आमच्या वेल्डरचा आवडता छंद 'ओ पॉझिटिव्ह' असा छापून आला होता. फॅक्सच्या जागी कंपनीच्या बसचा थांबा. एकदा कोणीतरी 'यशवंतपूर' या नंबरवर फॅक्स पाठवायचा प्रयत्न करून हात टेकले.

सरांचं निम्मं बरोबर आहे, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. फोन नंबर एकाच जागी ठेवून दहा पडद्यांवर दाखवायचा, याला शहाणपण म्हणतात. फोनच्या जागी भलतंच काही ठेवायचं, याला आमचे सर म्हणतात.

सोमवारी काका मुलीला घेऊन मेट्रोने पीण्यात आले. इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा असा, की फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना सरकारी तपासणी समजून सलाम ठोकला. भाऊ कामावरून तसाच उठून आला, अंगावर निळा कोट, पायात कारखान्याचे सेफ्टी शूज. तो रविवारपासून एक शब्द बोलला नव्हता. रात्री आईने त्याला दोनदा उठवून विचारलं होतं, की मूलबाळ तरी आहे का.

सरांनी सगळं ऐकलं आणि ताठ बसले. "आमची व्यवस्था कधी चुकत नाही," ते म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

शुभेच्छांची ही टूम मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्या बाईंची. ती सुरू झाली त्या पंधरवड्यात मी भावाच्या स्थळासाठीच रजेवर होते, त्यामुळे त्यात माझा हात नाही. असता तरी मी इथे लिहिला नसता. त्या बाई बिचाऱ्या सरांना म्हणाल्या होत्या, लग्नाची तारीख साठवायला जागा लागेल. सर म्हणाले होते, "आहे की! आधीपासून आहे. नवीन कशाला?" आणि त्यांनी ती फील्ड थेट शुभेच्छांना जोडून दिली.

सरांनी भावाची माहिती उघडली. तिथे पांढऱ्यावर काळ्या अक्षरात लिहिलेलं: विवाह दिनांक. समोर तारीख. तीन वर्षांपूर्वीची, रविवारच्या तारखेशी जुळणारी.

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, गाढवाने केलं की काय!

"झालं," काका म्हणाले. "चल बाळ."

"थांबा हो बाबा," मुलगी म्हणाली. "सर, दुसऱ्या कुणाचं बघू? तुमचंच बघा की."

सरांनी हसत स्वतःचं नाव टाकलं आणि हसू तिथेच गोठलं. सरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत; पडद्यावर साडेतीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता. त्यांनी वेल्डरचं नाव टाकलं. तोच दिवस. रखवालदार, तोच दिवस. आचारी, तोच दिवस. फौंड्रीतले विधुर आजोबा, तोच दिवस. आवाज ऐकून मनुष्यबळाच्या बाई डोकावल्या. त्यांचंही बघितलं. दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या, अविवाहित बाईंचं लग्न त्या रुजू झाल्या त्याच दिवशी लागलेलं होतं. त्यांनी अशी किंकाळी फोडली, की खाली लेथ मशीन बंद झालं.

"अख्ख्या कारखान्याचं लग्न एका मांडवात?" काका खुर्चीत बसले.

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता, आणि तो उजेड बघून मी जास्त घाबरले. "शूज," ते पुटपुटले. मग ताठ झाले. "हां! सेफ्टी शूज! कुणाला कधी दिले ते ठेवायला स्टोअरला जागा हवी होती. ही फील्ड रिकामी पडली होती. कारखान्यात कोण कुणाला लग्नाची तारीख विचारतो? मीच दिली त्यांना. त्यांच्या पडद्यावर नाव वेगळं आहे." त्यांनी स्टोअरचा पडदा उघडून दाखवला. तीच माणसं, त्याच तारखा, वर लिहिलेलं: शूज दिल्याची तारीख. "बघा! एक फील्ड, दोन कामं!" एवढा अभिमान मी रॉकेट सोडणाऱ्यांच्या तोंडावरही बघितलेला नाही.

मला हसू फुटलं. बाईंना फुटलं. मुलगीही हसली. काका हसले नाहीत. त्यांनी पडद्याच्या इतक्या जवळ तोंड नेलं, की काचेवर वाफ धरली.

"सर, सगळ्यांना शूज डिसेंबरात दिले ना?"

"हो. एकाच दिवशी. गाडी आली होती."

"बाई तर नव्या. त्यांना रुजू होताना दिले असतील. मान्य. पण आमचे पाव्हणे तेव्हा इथंच होते. मग ह्यांची तारीख डिसेंबर का नाही?"

भावाची तारीख त्या डिसेंबरनंतरच्या जूनमधली होती. जुन्या माणसांत त्या एकट्याची.

"म्हणजे," काका एकेक शब्द ठेवत म्हणाले, "सगळ्यांचे बूट. आणि ह्यांचं तेवढं खरं लग्न."

सर्वांची सुटका करणाऱ्या पुराव्याने माझ्या भावालाच गळफास लावला होता! सर पडद्याकडे बघत राहिले. त्यांची व्यवस्था कधी चुकत नाही, आणि आता ते तसं म्हणतही नव्हते.

तेव्हा माझा भाऊ खाली वाकला. त्याने एका पायाची नाडी सोडली. तो बूट ओढून काढायला त्याला दोन्ही हात लागले. मग सरांच्या टेबलावरचा कीबोर्ड बाजूला सारून तिथे त्याने तो ठेवला. टेबल हललं. खिडकीतला उजेड कमी झाला, असं मी घरी सांगते.

"बारा नंबर," तो म्हणाला. रविवारपासूनचे त्याचे पहिले शब्द. "डिसेंबरच्या गाडीत बारा नव्हता. कुठेच मिळेना. माझ्यासाठी चेन्नईहून मागवावा लागला, तो जूनमध्ये आला. तोवर मला चाचणीच्या जागेवर उभंच राहू देत नव्हते. बाहेर बसून पंपांना नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो."

काकांनी बुटाकडे बघितलं. भावाच्या मोज्यातल्या पायाकडे बघितलं. मग ते उठले, बूट जमिनीवर ठेवला आणि आपला उजवा पाय त्यात घातला. चामड्याच्या चपलेसकट. तो गेला. वर टाचेमागे दोन बोटांची जागा उरली.

"आयला," काका म्हणाले.

मुलगी म्हणाली, "बाबा, एखादा बायको लपवेल. हे पाय घेऊन कुठं लपणार?"

भाऊ कानापर्यंत लाल झाला. काकांनी पाय बाहेर काढला, चपलेची धूळ झटकली आणि सरांकडे वळले. मला वाटलं संपलं. कसलं संपलं!

"पोरगं चोख आहे. पण सर, लग्न झाल्यावर आमच्या मुलीची तारीख तुम्ही कुठं भरणार?"

"त्याचं काय एवढं," सर उत्साहाने म्हणाले, "वाहन परवान्याच्या मुदतीची फील्ड मोकळी आहे. परवाना संपण्याची तारीख. तिथे लग्न घालू!"

"माझ्या मुलीच्या लग्नाला मुदत?"

तो आवाज पीण्याच्या मेट्रो स्थानकावर ऐकू गेला असणार. "लग्नाला स्वतःची जागा करा. नवी. कुणाची उष्टी नको. आधी ती जागा, मग मुहूर्त!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. असा पांढरा चेहरा मी फक्त चुना लावलेल्या झाडाचा बघितलाय. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्यांनी एकही नवीन फील्ड होऊ दिली नव्हती. ते उठले, खिडकीशी गेले, आमच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "सरी, बरं. कर."

मी बसले आणि केली. जुन्या फील्डवर सगळीकडे 'शूज' असं खरं नाव घातलं, लग्नाला वेगळी जागा दिली, शुभेच्छा तिला जोडल्या. काका माझ्या खांद्यामागे उभे राहून प्रत्येक अक्षर मनातल्या मनात वाचत होते. मधेच सरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "झालं का?" दवाखान्यात नातेवाईक विचारतात तसं.

लग्न बसवनगुडीतच झालं. सर आले होते. अहेरात भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यावर नवरानवरीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती. काकांनी सवयीने ती नखाने जरा उचलली. खाली दुसऱ्याच एका जोडप्याची नावं होती. काकांनी चिठ्ठी परत दाबून बसवली आणि कोणाला काही बोलले नाहीत. मला तेवढं दाखवलं.

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला सकाळीच काका के. आर. पुरमहून आमच्या घरी हजर. कॉफी घेईनात, केसरी घेईनात. भावाचा मोबाइल समोर ठेवून बसले. फोन गुणगुणला. त्यांनी निरोप आधी मनात वाचला, मग चष्मा वर करून, मग मोठ्याने.

"पहिला," ते म्हणाले. "पहिलाच म्हणतोय."

मग त्यांनी केसरीची बशी पुढे ओढली.