आत्याबाईंची पितळी बॅटरी

म्हाताऱ्या माणसासाठी बॅटरी कशी निवडावी, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का? नसेल तर मला विचारा. मी एवढी विचारपूर्वक निवडली होती, की पुढे कितीतरी दिवस त्या दुकानावरून जायची वेळ आली की मी रस्ता बदलायची!

आमच्या ह्यांच्या आत्या, वय पंच्याहत्तर, आमच्याकडेच असायच्या. कार्तिकातली काकड आरती त्यांनी चाळीस वर्षांत चुकवली नव्हती. पहाटे अंघोळ, सोवळं, हातात कंदील आणि निघाल्या विठोबाच्या देवळात. त्या वर्षी तिसऱ्याच दिवशी अंगणात धडपडल्या. अडखळल्या त्या मी वाटेत ठेवलेल्या बादलीला, पण ते असो. दोष कंदिलाचा ठरला.

हे म्हणाले, "पुन्हा पडली तर हाड मोडेल. आता पहाटेचं देऊळ बंद!"

आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला कुठलं बघवतंय? "मी बॅटरी आणते," मी म्हटलं. "सुरक्षित, सोपी. जबाबदारी माझी!"

बाजारात दुकानदाराने आधी तीन सेलची काढली. "ताई, हिचा उजेड पार स्टँडापर्यंत जातो."

"आमच्या आत्याबाईंना देवळापर्यंतच जायचंय. उजेडाला स्टँडावर कशाला पाठवू?"

मग त्याने लाल-हिरव्या काचेची दाखवली.

"त्या काय आगगाडी सोडणार आहेत?"

शेवटी मी निवडली ती पितळेची. पडली तरी फुटणार नाही, गंजणार नाही. एकच बटण. पुढे सरकवलं की लागली, मागे ओढलं की विझली. माझ्या अकलेचं मलाच कौतुक वाटलं.

घरी आत्याबाईंनी हात मागे घेतला. "बाजारची वस्तू. किती जणांचे हात लागलेत! सोवळ्यात कशी घेऊ गं?"

"पितळ आहे, आत्याबाई! बाजारातून तांब्या नाही का आणत आपण? हिला तांब्यासारखीच समजा."

"तांब्यासारखीच?"

"अगदी!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला अजून झोपेत ऐकू येतं.

मग मी त्यांना बटण सरकवायला शिकवलं. वीसदा लावली, वीसदा विझवली. एकदाही चुकल्या नाहीत! विद्यार्थिनी हुशार होती, मास्तरीणबाईंचाच प्रश्न होता.

तेवढ्यात शेजारच्या ओवे गावची गंगूबाई भाजी घेऊन दारात आली. मी मोठ्या ऐटीत कंदील तिच्या पाटीत ठेवला.

"वयनी, कंदील तर चांगला हाय! देता कशाला?"

"अगं, आता आमच्याकडे बॅटरी आहे. कंदिलाचा काय भरवसा? भडकतो, काच फुटते."

"मंग माज्या घरी नाय का भडकनार?"

मी ऐकलंच नाही असं केलं. सुधारणा करणाऱ्या माणसाने असल्या शंकांकडे लक्ष द्यायचं नसतं.

दिवेलागणीला ह्यांना दाखवायला म्हणून मी बॅटरी घ्यायला गेले, तर ती तुळशीच्या कट्ट्यावर पालथी. सोन्यासारखी लखलखत होती! बटण सरकवलं. काही नाही. परत सरकवलं. आतून पाणी गळलं.

"आत्याबाई! हे काय?"

"चिंच लावून घासली, राखेने उजळली. आतूनसुद्धा. झाकण उघडतं, बरं का! आता सोवळ्याला चालेल."

"आणि आतले सेल?"

"ती दोन नळकांडी होय? तीही धुतली. कागद भिजून सुटला बघ त्यांचा. पण तूच म्हणालीस ना, तांब्यासारखी समजा? मग नवा तांब्या आपण न घासता वापरतो का?"

हे हसून हसून खांबाला टेकले. "अगं, मग आता कंदील काढ!"

कंदील ओव्याला पोचला होता. दुकानं बंद झाली होती.

"म्हणजे उद्या देऊळ नाही," आत्याबाई हळूच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

माझ्या जिवाला लागलं. मी जाहीर केलं, "उद्या मी स्वतः निरांजन घेऊन पुढे चालते. आत्याबाईंच्या केसालाही धक्का लागणार नाही!"

दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाबाहेर पडताच निरांजन विझलं, पहिल्याच वळणावर मी गटारात गेले, आणि आत्याबाईंनी मला दंडाला धरून, मिट्ट काळोखात एकही ठेच न खाता, देवळात वेळेवर पोचवलं.