हिमबिबट्याची उजवी बाजू

पासपोर्टवालीला दोन चेहरे सारखे आहेत म्हणून सांगायचं, म्हणजे सोनाराला पितळ विकायला जायचं. तेवीस वर्षं तिनं बाजारामागच्या गल्लीत, दहा बाय बाराच्या खोलीत, पासपोर्टच्या फोटोसाठी पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर माणसं बसवली होती. हनुवटी वर, दोन्ही कान दिसू देत, हसू नका. मग घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले आणि गिऱ्हाईक आटलं. तेव्हाच वनखात्याला बर्फाळ डोंगरात कॅमेरे लावायला माणूस हवं होतं. तरणीताठी मंडळी थंडीला भिऊन मागं सरली आणि ही पन्नाशीत निघाली. काम तेच आहे, गिऱ्हाईक तेवढं लाजरं, असं ती चारचौघांत सांगे.

लाजरं गिऱ्हाईक म्हणजे हिमबिबट्या. जन्म डोंगरात गेलेल्यांनाही तो दिसलेला नसतो. त्याच्या वाटेवर खडकाला कॅमेरा बांधायचा. समोर काही हललं की फोटो आपोआप निघतो. आधीच्या लोकांनी कॅमेरे माणसाच्या छातीशी येतील असे बांधले आणि वर्षभर नुसत्या बर्फाचे फोटो आणले. हिनं तो गुडघ्याच्या उंचीवर बांधला आणि त्याच्यापुढून स्वतः चार पायांवर रांगत जाऊन खात्री केली. मदतीला येणाऱ्या धाकट्या जावेची ते बघून हसता हसता पुरेवाट झाली. दुसऱ्याच महिन्यात बिबट्या सापडला: डावी कूस आणि रुसलेला चेहरा. त्या रुसव्यावर ती भाळलीच.

मुख्य कचेरीतले साहेब मात्र म्हणाले, हा तोच भटका नर, दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात टिपलेला. तो इथला रहिवासी नाही, नुसता वाटसरू. म्हणजे महिनाअखेर कॅमेरे उतरवायचे आणि त्या कड्यावर दगडखाणीच्या सुरुंगांना परवानगी द्यायची. हा तो नव्हेच, चेहरा वेगळा आहे, असं तिनं ठासून सांगितलं. साहेबांनी तिला शांतपणे समजावलं, की चेहरा चालत नाही, ठिपके जुळवावे लागतात, आणि डाव्या-उजव्या कुशीचे ठिपके वेगळे असतात. जुन्या नराची फक्त उजवी बाजू कचेरीत होती. हिच्याकडे सगळ्या डाव्या.

आणि का नसाव्यात? वाट कड्याच्या पोटातून जाणारी, जेमतेम दोन हात रुंद. जनावर दर वेळी एकाच दिशेनं यायचं, डावी कूस भिंतीकडे. कॅमेरा भिंतीला. उजवी कूस दरीकडे, आणि दरीत कॅमेरा कशाला बांधणार?

तिनं लोखंडी गज घेतला. कमरेला दोरी बांधून ती कड्याच्या अगदी काठावर पालथी पडली, गज खालच्या कपारीत ठोकला आणि त्यावर दुसरा कॅमेरा वाटेकडे तोंड करून बसवला. हातमोजा घालून नट फिरेना, म्हणून मोजा काढून दातात धरला. वारा असा, की बोटं आपली आहेत की परक्याची ते कळेना. थंडीत सेल मान टाकतात, म्हणून ते तिनं पोटाशी धरून आणले होते. मागून दोरी धरलेली जाऊ रडकुंडीला आली होती.

"ताई, पुरे झालं. मागं या."

"माझं वजन पेलवत नसेल तर आत्ताच सांग. नंतर सांगून उपयोग नाही."

जावेनं दोरीचा आणखी एक वेढा स्वतःच्या कमरेला गुंडाळला.

नंतर नऊ दिवस हिमवादळ. महिना संपायला दोन दिवस राहिले, तेव्हा दोघी कॅमेऱ्यांतली कार्डं घेऊन उतरल्या. साहेब कॅमेरे उतरवण्याचा कागद घेऊन तिच्या गल्लीतल्या स्टुडिओत येऊन बसलेच होते. आधी भिंतीकडचा फोटो उघडला: सकाळी सहा बावन्न, पोटापर्यंत बर्फ, डावी कूस, तोच रुसवा. मग त्याच मिनिटाचा दरीकडचा. साहेबांनी जुना फोटो शेजारी धरला आणि बोटानं एकेक ठिपका मोजला. दोनदा मोजला.

"मान्य," ते म्हणाले. "हा वेगळा आहे. म्हणजे जनावरं दोन."

तिचं लक्षच नव्हतं. ती फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर नाक टेकवून बसली होती. काठावरचा बर्फ वाऱ्यानं उडून गेला होता, आणि त्या उघड्या दगडावरून, आईच्या पोटाला चिकटून, मांजराएवढं पिल्लू चाललं होतं. भिंतीकडून बघणाऱ्याला ते आईआड कधी दिसलंच नसतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

"साहेब, चुकलंच आपलं," ती म्हणाली. "दोन नाहीत. तीन आहेत."