बिनझूमचा कॅमेरा

फोटो काढण्याआधी सुभेदारीण काकू चपला काढायच्या. रस्ता तापलेला असो की खडीचा, चपला आधी बाजूला. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "खडं टोचलं की माणूस फुकाट हलत न्हाई." काका लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून आमच्या साताऱ्याच्या गल्लीत काकूंचं हेच नाव पडलं. काकांच्या बदल्यांबरोबर काकू छावण्या फिरल्या, कुठल्याशा छावणीत शेजारणीकडून कॅमेरा शिकल्या आणि इथं घर बांधल्यावरही तो त्यांच्या गळ्यातून उतरला नाही.

त्या आमच्या समोर राहायच्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. गल्लीतल्या बायकांशी बोलताना माझं मराठी पुस्तकी व्हायचं, मग मी गप्पच बसायचे. काकूंना ते चालायचं. "तू बोलू नगंस, मी हाय की," म्हणून त्या दोघींच्या वाटणीचं बोलायच्या.

त्यांच्या फोटोंतली माणसं अगदी जवळ असत. भाजीवालीच्या हनुवटीवरचं गोंदण, रिक्षावाल्याच्या मिशीला लागलेला चहा, सगळं दिसायचं. लोक त्यांना हाकलत कसे नाहीत, याचं मला नवल वाटे. काकू आधी भरपूर गप्पा मारत, प्रसंगी चार शब्द ऐकूनही घेत, आणि मगच कॅमेरा वर जाई.

नोकरी लागल्यावर मी पहिला कॅमेरा घ्यायचं ठरवलं. व्हिडिओ बघून बघून लांब झूमचा एक नक्की केला. त्याने गच्चीवरून चौकातल्या माणसाचा चेहरा टिपता आला असता आणि त्याला कळलंही नसतं. मला नेमकं तेच हवं होतं. लोकांचे चेहरे मला फार आवडतात. फक्त त्यांनी माझ्याकडे बघू नये.

काकूंनी ऐकून घेतलं. "आगं, बॉर्डरवर निघालीस का? कुणावर नजर ठिवायचीय?" मग म्हणाल्या, "दुकानदार वळखीचा हाय. एक दिस वापराय माग. ऐतवारी रहिमतपूरकडं जाऊ. न्हाई पटला तर माझ्यासारखा बिनझूमचा घे. त्यात माणूस मोठं दिसाय पायजे असंल तर आपुन चालत जायाचं."

रहिमतपूरच्या अलीकडे माळावर मेंढरं चरत होती. चढावर काठी टेकून उभ्या असलेल्या एका धनगर बाईचे मी बाभळीआडून भराभर फोटो काढले. तिला ते दिसलं असावं. ती तरातरा खाली आली.

"कुणाचा फोटू काढतीस गं? फारेस्टवाल्याला दावणार हायस?"

माळाला लागूनच वनखात्याची लागवड होती. मेंढरं तिथे शिरल्याचा पुरावा कुणी दिला असता, तर ती अडचणीत आली असती. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा आवाज चढला होता, पण ती सारखी मागे लागवडीकडे बघत होती.

मी काकूंकडे पाहिलं. दोघींच्या वाटणीचं बोलणारी ती बाई निवांत चपला शोधत होती. "मला काय बघतीस? मी काढला का फोटू?"

माझ्या तोंडून आधी नुसतं 'सॉरी' निघालं. मग मी जवळ गेले, कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला आणि तिच्यादेखत एकेक फोटो पुसू लागले. "मावशी, फॉरेस्टचं मला काही माहीत नाही. तुम्ही उभ्या होतात ते छान दिसलं, म्हणून काढले."

शेवटच्या फोटोपाशी तिने माझं मनगट धरलं. "थांब. ह्यात मेंढरं कुठं हायत?"

नव्हतीच. फक्त ती आणि आभाळ. तिने पडदा डोळ्यांजवळ ओढला. "तोंड वाकडं आलंय," ती म्हणाली. "काढायचा तर म्होरं यिऊन काढ की. चोरावानी काय काढतीस?" आणि पदर सारखा करून उभी राहिली. काकूंनी आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "लय घाबरलीस?"

"हो."

"मी बी घाबरती. आजून. म्हणून तर एवढी बडबडती."

हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी मी झूमचा कॅमेरा दुकानात परत केला आणि बिनझूमचा घेतला.

यंदा काकूंचे गुडघे अगदीच बोलायला लागले आणि मुलीने त्यांना सांगलीला नेलं. साताऱ्याच्या स्टँडवर सामान गाडीत चढलं, कंडक्टर घाई करू लागला. मी म्हणाले, "काकू, थांबा. एक फोटो." आणि पुढे गेले. आणखी पुढे गेले. त्यांच्या कपाळावरची आठी, डोळ्यांच्या कडा, सगळं हवं होतं. इतक्या जवळचं त्या लेन्सला स्पष्ट दिसत नाही, हे ध्यानातच राहिलं नाही.

"आगं बया, नाकात शिरतीस का आता!" काकू मोठ्याने हसल्या, आणि मी बटण दाबलं.

फोटो पार धूसर आलाय. डोळे कुठले आणि हसू कुठलं, ते मला एकटीलाच ओळखू येतं.